विरजणाचा हात

डॉ. हेब्बारांची मेल मला फोनवर दिसली तेव्हा मी चारशे एकतीस नंबरच्या डब्यावर बोट टेकून बसलो होतो. अजून बावीस मिनिटं बोट हलवायचं नव्हतं. पण डावा हात मोकळा होता, फोन डाव्या हाताशी होता आणि मला स्वस्थ बसणं जन्मात जमलेलं नाही. मी मेल उघडली.

हेब्बार बंगळुरूचे. पेशाने मेंदूचे डॉक्टर, नादाने आमचं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे आमची चार मॉड्यूल्स होती. दरवर्षी दिवाळीला ते नवीन काय बनवताय म्हणून विचारायचे. या वेळी मात्र त्यांनी फार जपून लिहिलं होतं.

‘माझ्याकडच्या चार आणि मित्रांकडच्या पंधरा नगांचे आवाज मी कॉम्प्युटरवर तपासले,’ असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. ‘तीनशेच्या अलीकडच्या नगांत नेहमीचा, निरोगी हाताचा कंप आहे, सेकंदाला दहाच्या आसपास. तीनशेच्या पुढे त्यात दुसरा, संथ कंप मिसळला आहे, सेकंदाला पाच. नंबर जसा वाढतो तसा तोही वाढतो. हा कंप मी रोज पेशंटमध्ये बघतो. इतक्या लवकरच्या टप्प्यावर मात्र कधीच बघायला मिळत नाही, कारण डोळ्यांना तो दिसत नाही. माझं चुकत असेल तर मला आनंदच होईल. पण ज्यांचा हा हात आहे त्यांनी कंपवाताची तपासणी करून घ्यावी. मी हे कुठेही बोललेलो नाही. पण मी जे केलं ते उद्या दुसरा कुणीही करू शकेल.’

माझं बोट पट्टीवरून उडालं. चारशे एकतीस वाया गेला असं समजून मी ते परत टेकवलं आणि उरलेली मिनिटं तसाच बसून राहिलो.

हा हात म्हणजे काय ते सांगायला हवं. मी सुकुमार मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका बाजूला पंपाचे सुटे भाग आणि दुसऱ्या बाजूला पत्रा कापायचं लेझर मशीन, यांच्या मधल्या दोन खणांत मी आणि माझी बायको त्रिशला मॉड्युलर सिंथेसायझर बनवतो. सिंथेसायझर म्हटलं की लोकांना लग्नातला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड आठवतो. तसलं काही नाही. आमच्याकडे असतात पत्र्याच्या तोंडाचे छोटे डबे. एक डबा नुसता सूर काढतो, दुसरा तो सूर गाळतो, तिसरा त्याला चढउतार देतो. वाजवणारा हे डबे आपल्या मांडणीत बसवतो आणि वायरींनी हवे तसे जोडतो. डबे एकमेकांशी व्होल्टमध्ये बोलतात. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. जगभरात असे डबे बनवणारे आमच्यासारखे एकेकटे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना घरचे वेडे समजतात.

आता २०३५ साली गाणं कुणालाही फुकट मिळतं. मशीनला नुसतं सांगायचं, पावसाळी संध्याकाळचं काहीतरी दे, की ते देतं आणि त्यात खोट म्हणून सापडत नाही. नेमक्या याच कारणाने काही लोकांना माणसाच्या हाताची खोट हवीशी वाटू लागली. आमचा धंदा त्यावर चालतो.

आमच्या मुख्य डब्याचं नाव विरजण. त्याच्या आत एका प्लास्टिकची झिरझिरीत फिल्म असते, मुळात कृत्रिम हातांसाठी शोधलेली. तिच्यातून वीज जाते तशी घामातली मिठंही जातात, आणि नवी असताना ती कच्ची असते. डब्याच्या तोंडावर पितळेची नखाएवढी पट्टी आहे. तिच्यावर माणसाने चाळीस मिनिटं बोट टेकून ठेवलं की त्या बोटाची नाडी, ओल आणि कंप फिल्ममध्ये कायमचा बसतो. कंप प्रत्येकाच्या हाताला असतो, तुमच्याही, फक्त तो दिसत नाही. पुढे तो डबा जगात कुठेही वाजला तरी त्याचा सूर त्या बोटासारखा किंचित हलत राहतो. दुधाला चमचाभर दही लावावं आणि त्याच चवीचं भांडं लागावं तसं हे होतं, म्हणून त्रिशलाने त्याला विरजण नाव दिलं. आम्ही प्रत्येक खोक्यात कार्ड टाकतो. त्यावर छापलेलं आहे की सगळ्या नगांना एकाच माणसाचा हात आहे, आणि खाली माझी सही असते.

त्यामुळे हेब्बारांनी ज्याचा हात असं म्हटलं होतं, तो कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती.

“काय झालं वो? तोंड का असं?” त्रिशला टेबलापलीकडून म्हणाली. ती सोल्डरिंग करत होती. तिच्या माहेरी जयसिंगपूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तिचे टाके माझ्यापेक्षा कितीतरी सुबक असतात.

“काही नाही. पित्त झालंय.”

“हेब्बारांची मेल आली होती, बघितलीत?”

“बघितली. नवीन काय बनवताय विचारतात.”

ती पुन्हा कामाला लागली. मेल सगळ्या तीच उघडते, ऑर्डर आहे का तक्रार ते पहिल्या दोन ओळींत बघते आणि माझ्यासाठी असली तर तिच्यावर स्टारची खूण करून ठेवते. एवढी लांबलचक इंग्रजी मेल तिने वाचली नसणार, असं मी गृहीत धरलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढचे अकरा दिवस मी माझ्या हातांवर पाळत ठेवली. चहाची बशी धरली की तिच्यातलं वर्तुळ बघायचो. बटण लावताना किती वेळ लागतो ते मोजायचो. सही वहीभर करून बघितली आणि ती मला पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानावर बारीक वाटली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भराभर आपटायची परीक्षा असते, ती मी संडासात बसून करायचो. जितका बघेन तितका हात कापायचा. जैन मंदिरात जाऊन उभा राहिलो तर जोडलेले हातही मला हलताना दिसले.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की उत्तर माझ्या टेबलावर होतं. कच्ची फिल्म होती, ऑसिलोस्कोप होता. बोट टेकवलं असतं तर दोन मिनिटांत पडद्यावर संथ लाट आहे की नाही ते दिसलं असतं. तीस वर्षं लोकांना सांगत आलोय की अंदाज नको, मोजा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी ऑसिलोस्कोपकडे पाठ करून बसू लागलो. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पाच वर्षांनी त्रिशला मला घास भरवते आहे असं चित्र जेवताना डोळ्यांसमोर यायचं आणि मी ताट सारून उठायचो.

त्यातच बर्लिनच्या दुकानाची ऑर्डर आली. साठ नग, आमच्या सात महिन्यांचं काम. त्यांनी अट घातली होती, हात तोच हवा, तीनशेच्या पुढचा. वाजवणाऱ्यांच्या गटांत चर्चा होती म्हणे, की तीनशेनंतरचे नग जिवंत वाटतात, आधीचे नुसतेच चांगले आहेत. माझं दुखणं गिऱ्हाइकांना आवडलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

“साठ!” मी त्रिशलाला सांगितलं, उसन्या उत्साहाने.

“नको म्हणा,” ती म्हणाली.

“का?”

“एवढी घाई कुणाला झेपणार आहे?” ती उठली आणि मागच्या आमच्या स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मला करपल्याचा वास आला. दूध खाली लागलं होतं आणि ती शेगडीपासून दोन हातांवर उभी राहून भाजी निवडत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला, तिच्यावर खेकसलो आणि मग माझ्या चिडण्याचंही कारण दुखणंच असेल म्हणून घाबरलो.

बाराव्या दिवशी मी मिरजेला गेलो.

“कुठं निघालासा एवढ्या सकाळी?” त्रिशलाने विचारलं.

“सांगलीला. ॲल्युमिनियमचा पत्रा बघून येतो.”

“पत्रा,” ती म्हणाली. “बरं. सूर्य मावळायच्या आत या, जेवण थांबवायचं नाही मी.”

मिरजेच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी मला चालायला लावलं, उलटं मोजायला लावलं, गोल गोल रेघ काढायला लावली. मग डोळे मिटायला सांगून एकेक कुपी नाकाशी धरली. साबण, कॉफी, लवंग, हिंग. मी चारही फटाफट ओळखले.

“वास कशाला?” मी विचारलं.

“या आजारात हात कापायच्या कितीतरी आधी वास जातो पुष्कळांचा. घरच्यांना वाटतं, लक्ष नाही हिचं, भाजी करपवते.”

मी मान डोलावली. परीक्षेच्या पेपरात शंभर मार्क पडताहेत अशा आनंदात मी होतो, त्यामुळे कानावर पडलेलं डोक्यात शिरायला वेळ लागला. नंतर त्यांनी माझ्या बोटाला सेन्सर लावून पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं.

“तुमचा हात छान आहे, मगदूम. थोडे उतावळे दिसता, बोट स्थिर ठेवत नाही. पण कंपवात नाही.”

मी खुर्चीत रडलो. खोटं कशाला बोलू, चांगला हुंदके देऊन रडलो. मग डोळे पुसून हेब्बारांच्या मेलसोबत आलेला आलेख दाखवला आणि म्हटलं, “म्हणजे हा चुकीचा.”

त्यांनी तो बराच वेळ बघितला. “हा चुकीचा वाटत नाही. ज्याचा आहे त्याला गाठायला हवं. पण हा तुमचा हात नाही. त्या डब्यांना आणखी कोण हात लावतं?”

“कोणी नाही,” मी ऐटीत म्हणालो. “सगळे माझे.”

खाली उतरलो, मोटारीत बसलो आणि किल्ली फिरवली. माझा हात नाही. मग कुणाचा? उत्तर द्यायला जगात माणसं किती उरत होती? मी किल्ली उलटी फिरवली आणि बसून राहिलो. दूध. त्याच्या आदल्या आठवड्यातही दूधच. सोल्डरचा धूर साचला की पूर्वी तीच खिडकी उघडायची, आता मी उघडतो. किती महिने झाले ते काही आठवेना. चार कुप्या हुंगून मी खूश झालो होतो आणि ज्या बाईला हिंगाचा वास येत नसेल तिच्यावर दुधासाठी ओरडलो होतो.

पण हात तिचा कसा? विरजण मी लावत होतो. दर खेपेला सकाळी, स्वतः. हे कोडं मला परतीच्या वाटेवर हातकणंगल्यापर्यंत पुरलं.

फिल्म एकदा बसली की कायमची, असं मी वर म्हणालो. त्याला एक अपवाद आहे. पहिल्या दिवसात ती साठ अंशांवर दहा मिनिटं गरम केली तर पुन्हा कच्ची होते. मग नवं बोट लावता येतं. कारखान्यात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. मी रोज दुपारी दोन ते चार माळ्यावर झोपतो, हेही दोघांनाच ठाऊक होतं.

२०३१ साली, साठ नंबरपर्यंतचे अकरा नग परत आले होते. सूर मध्येच उडी मारतो अशी तक्रार होती. मी महिनाभर डोकं लावून पॉवर सप्लाय नव्याने बांधला. तेव्हापासून एकही नग परत आला नाही. त्या पॉवर सप्लायवर मी बंगळुरूच्या प्रदर्शनात तासभर व्याख्यान दिलं होतं, आणि पाहुणे आले की अजूनही देतो.

मी कारखान्यात शिरलो तेव्हा तीन वाजत आले होते. त्रिशला माझ्या खुर्चीवर बसली होती. तिच्यापुढे चारशे चौतीस होता, सकाळी मिरजेला जायच्या आधी मी घाईघाईत विरजण लावलेला. गरम करायचा ट्रे अजून उबदार होता. तिचं उजवं बोट पट्टीवर होतं आणि ऑसिलोस्कोपवर बारीक थरथरीच्या खालून एक लाट सावकाश येत होती, जात होती. सेकंदाला पाच. मोजायला यंत्र लागलं नाही मला.

तिने वर बघितलं, पण बोट काढलं नाही.

“पत्रा मिळाला?” तिने विचारलं.

“मिरजेला गेलो होतो. डॉक्टरकडे.”

“मग? काय म्हणाले डॉक्टर?”

“माझा हात चांगला आहे म्हणाल्या.”

“तो आहेच चांगला,” ती म्हणाली. “फक्त एका जागी राहत नाही. फोन वाजला की उचलायचा, माशी बसली की हाकलायची. अकरा नग परत आले तेव्हा तुम्ही चार दिवस जेवला नव्हता. मी म्हटलं, कशाला बोला. झोपलात की बदलून टाकायचे. सही तुमची, नाव तुमचं, काय बिघडलं?”

“आणि हे?” मी पडद्याकडे बोट केलं. “हे कधी कळलं तुला?”

“नंबर तीनशेच्या सुमाराला. आधी वाटलं फिल्मचा लॉट खराब. लॉट बदलला तरी तेच. मग डावं बोट लावून बघितलं, तर स्वच्छ. तेव्हा कळलं.” ती शांतपणे बोलत होती, दुसऱ्या कुणाची तक्रार सांगावी तशी. “तीनशे एक ते चार डाव्यानंच केले. तुम्ही ऐकले आणि म्हणाला, मेला आवाज आलाय, काढून टाक. मग परत उजव्यानं केले.”

मला ते चार नग आठवले. मेला आवाज हे शब्दही माझेच होते.

“मला सांगायचं होतंस, त्रिशला.”

“दोनदा सांगायला आले. एकदा तुम्ही पॉवर सप्लायची गोष्ट काढलीत. एकदा म्हणालात, आत्ता नको, डोकं कामात आहे. आणि हेब्बारांची मेल मी सगळी वाचली होती. स्टारची खूण करायच्या आधी तीनदा वाचली.”

“वाचली होतीस? आणि मला अकरा दिवस—”

“हो. अकरा दिवस तुम्हाला वाटत होतं तुमचा हात गेला. मी बघत होते. संडासात बोटं आपटत होता ते ऐकू यायचं बाहेर.” तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “ज्या दिवशी मला सांगाल, त्याच क्षणी खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं मी. म्हटलं, एवढं भ्यायल्यावर तरी माणूस बायकोकडे येईल. तुम्ही पत्रा बघायला गेलासा.”

मला तिचा राग आला. अकरा रात्री मी तळमळलो आणि ही शेजारी जागी होती. तो राग जेमतेम दोन श्वास टिकला, कारण पुढचा हिशेब आपोआप झाला. मी अकरा दिवस एकट्याने भ्यालो होतो, पण ही केव्हापासून भीत होती? आणि तेवढ्या काळात मी रोज हिच्यासमोर बसून चहा पीत होतो, हिच्याच हाताची तारीफ माझी समजून ऐकत होतो.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“एकटी नाही गेले. तिथं जाऊन हो म्हणाले असते तर परत येताना बसमध्ये काय केलं असतं मी?”

“आत्ता फोन करतो. ऊठ.”

“अजून एकोणीस मिनिटं आहेत. दोनदा गरम झालीय फिल्म, तिसऱ्यांदा टिकायची नाही. आता उचललं तर नग फुकट जाईल.”

“जाऊ दे.”

“बर्लिनवाल्यांना हाच हात पाहिजे. औषध सुरू झालं की हात बदलणार, मी वाचलंय सगळं. आधी साठ होऊ देत, मग—”

“ऑर्डर नको म्हणून तूच म्हणालीस.”

“तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं,” ती म्हणाली. “आता कळलंय. आता निदान दिवसाढवळ्या करता येतील. माझ्या नावावर.”

तिची मागणी रास्त होती, आणि ती मान्य केली तर सात महिने औषधाविना जाणार होते. मी तिच्याजवळ गेलो आणि तिचं बोट पट्टीवरून उचललं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. तिने हात ओढून घेतला नाही. मी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. हात ऊबदार होता, नेहमीसारखा, आणि कितीही लक्ष देऊन बघितलं तरी मला त्यात कंप जाणवला नाही.

“तुझं नाव आजपासून कार्डावर,” मी म्हणालो. “साठ होवोत नाहीतर सहा. पण औषध आधी.”

मी एका हाताने मिरजेच्या दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“मगदूम का?” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. “सकाळीच येऊन गेलासा की. काय विसरलंय का?”

“दुसऱ्या पेशंटची वेळ पाहिजे,” मी म्हणालो. त्रिशलाने फोन माझ्या हातून घेतला, उजव्याच हाताने.

“त्रिशला सुकुमार मगदूम,” ती म्हणाली. “वय एकोणपन्नास.”

“तक्रार काय, मॅडम?”

“उजवा हात. आणि वास येत नाही.”

“केव्हापासून?”

“दीड वर्ष झालं.”

कीबोर्डचा आवाज थांबला. “दीड वर्ष? कुठं दाखवलं नाही अजून? घरात सोबत कोण असतं की नाही, मॅडम?”

त्रिशलाने माझ्याकडे बघितलं.

“असतात की,” ती म्हणाली, आणि तारीख लिहून घ्यायला फोन माझ्या हातात दिला.